लॉन झोपलंय, तण जागं आहे: वाचकांचे प्रश्न

जानेवारी उजाडला की अमेरिकेच्या साउथमधल्या वाचकांचे मेल एकाच विषयावर यायला लागतात. जॉर्जिया, कॅरोलायना, टेक्सास, सगळीकडे तेच. लॉन वाळून पिवळं पडलेलं आणि त्या पिवळ्यात मध्येमध्ये हिरवेगार पुंजके, रस्त्यावरून जाणाऱ्याला ते छान वाटतात पण घरवाल्याला माहीत असतं की ते गवत नाहीये, तण आहे. यावेळी पत्रं इतकी आली की अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय, कढीपत्त्याची पानं गळतायत वाले सगळे पुढच्या अंकात.

एक विनंती मात्र आहे, प्रश्न पाठवताना तुमच्याकडे गवत कुठलं आहे ते लिहा हो. निम्म्या पत्रांत नुसतं "आमचं लॉन" असतं, तणांचे फोटो दहा आणि गवताचा एकही नाही, आणि उत्तर तर बहुतेक वेळा गवतावरच अवलंबून असतं.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही अल्फारेटाला राहतो, जॉर्जिया. बर्म्युडा गवताचं लॉन आहे साधारण चार हजार स्क्वेअर फूट. आत्ता ते सगळं वाळलंय आणि त्यात हिरवं तण माजलंय, एचओएचं (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र पण येऊन पडलंय. ऑफिसमधला मित्र म्हणतो जानेवारीत सरळ राउंडअप मार, बर्म्युडा थंडीत झोपलेलं, म्हणजे वाढ थांबलेलं असतं, त्याला काही होत नाही, तण तेवढं मरतं. बायको म्हणते असला वेडेपणा करू नका. कोणाचं ऐकू?

उत्तर: मित्राची माहिती खरी आहे आणि बायकोची भीतीही खरी आहे. राउंडअपमध्ये पूर्वीपासून असायचं ते ग्लायफोसेट हे औषध हिरव्या पानातून आणि हिरव्या देठातून आत शिरतं आणि झाड स्वतःसाठी जी अमिनो आम्लं बनवतं त्यातल्या तिघांचं उत्पादन बंद पाडतं, मग झाड हळूहळू मरतं. बर्म्युडा पूर्ण वाळलेलं असेल, त्याच्यावर हिरवं काहीच नसेल, तर औषधाला आत जायला वाट नाही. मातीवर पडलेलं ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, मुळांतून वर जात नाही. म्हणून ही युक्ती चालते, गोल्फ कोर्सवाले कितीतरी वर्षं वापरतायत आणि युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेन्शनचे, म्हणजे शेतीसल्ला विभागाचे लोकही ती सांगतात.

पण वाळलेलं म्हणजे मुळापाशीसुद्धा वाळलेलं हवं, आणि ते खिडकीतून दिसत नाही. गुडघ्यावर बसा, दोन्ही हातांनी गवत बाजूला करा आणि मातीलगत जे आडवे धावणारे देठ असतात ते बघा. वरून पिवळं आणि खालून पोपटी असं कितीतरी वेळा सापडतं, विशेषतः दक्षिणेकडच्या भिंतीलगत, ड्राइव्हवेच्या कडेला जिथे काँक्रीट तापतं तिथे, आणि ड्रायरची गरम हवा जिथे बाहेर पडते तिथे. अटलांटाच्या बाजूला पहिलं फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, नोव्हेंबरच्या मध्याला पडतं पण तेवढ्याने गवत झोपत नाही, चार-पाच कडक फ्रॉस्ट खावी लागतात, म्हणून खरी वेळ जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य एवढीच. त्यातही जानेवारीत एखादा आठवडा उबदार गेला की बर्म्युडा खालून डोळे उघडायला लागतं, त्यामुळे मागच्या आठवड्यात बघितलं होतं हे चालत नाही, ज्या दिवशी फवारणार त्याच दिवशी बघायचं. कुठेही हिरवा देठ दिसला तर त्या भागात औषध नाही. मार्चमध्ये तर नाहीच नाही, कितीही मोह झाला तरी. आपल्याकडे म्हणतात ना सुक्याबरोबर ओलंही जळतं, इथे ओलं तेवढंच जळतं, आणि त्यात तुमच्या बर्म्युडाचे कोवळे फुटवेही आले.

दिवस निवडताना अजून एक गोम आहे. तण जागं असलं पाहिजे. कडाक्याच्या थंडीत तणाचीही वाढ थांबलेली असते, मग औषध आत जातच नाही, म्हणून दिवसाचं तापमान ५० ते ६० फॅरनहाइटच्या आसपास, ऊन, वारा पडलेला, पानं कोरडी आणि पुढचे काही तास पाऊस नाही असा दिवस बघा. आणि मग गप्प बसा. थंडीत ग्लायफोसेटचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागू शकतात, लोक आठवडाभराने बघतात, काहीच झालं नाही म्हणून परत मारतात, दुप्पट डोस होतो आणि पैसे जातात ते वेगळेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या मित्राला बहुतेक माहीत नसेल. राउंडअप म्हणजे ग्लायफोसेट हे समीकरण आता जुनं झालं. राउंडअप बनवणाऱ्या बायर कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलं की अमेरिकेत घरगुती गिऱ्हाइकांसाठीच्या मालातून २०२३ पासून ग्लायफोसेट काढायचं, आणि आता त्याच नावाच्या बाटल्यांत ट्रायक्लोपिर, फ्लुआझिफॉप, डायक्वॅट, काहींत इमॅझापिक अशी वेगळीच औषधं असतात. फ्लुआझिफॉप तर खास गवत मारण्यासाठीच बनवलेलं आहे, ट्रायक्लोपिरने बर्म्युडाला इजा होते आणि इमॅझापिक जमिनीत मागे राहतं. यातलं काही झोपलेल्या लॉनवर मारलं तर एप्रिलमध्ये लॉन उठेल की नाही याचा भरवसा नाही. वर आणखी गंमत म्हणजे "फॉर लॉन्स" असं लिहिलेली त्याच नावाची एक बाटली मिळते, तिच्यात ग्लायफोसेट नाही, ती फक्त तण मारणारी आहे आणि हिरव्या लॉनवरही चालते, पण तिचेही उत्तरेचे आणि दक्षिणेचे प्रकार वेगळे. तेव्हा पुढचं मोठं नाव वाचू नका, बाटलीच्या खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा, आणि मागच्या पुस्तिकेत डॉर्मंट, म्हणजे झोपलेल्या बर्म्युडावर वापरायची परवानगी स्पष्ट लिहिलेली असेल तरच घ्या. लेबलाबाहेर वापर करणं हा अमेरिकेत फेडरल कायद्याचा भंग आहे, नुसता सल्ला नाही तो.

डोसबद्दल मी आकडा देत नाही कारण प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी असते. पण मापाची पद्धत सांगते. पन्नास बाय वीस फूट जागा मोजा, म्हणजे एक हजार स्क्वेअर फूट झाले, पंपात नुसतं साधं पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने ती जागा फवारून किती पाणी गेलं बघा. एक गॅलन गेलं असेल तर लेबलवर एक हजार स्क्वेअर फुटाला जेवढं औषध लिहिलंय तेवढं एका गॅलनमध्ये. अर्ध्या तासाचं काम आहे, कोणी करत नाही, सगळे अंदाजपंचे ओततात.

आणि मनातलं सांगू का, तुमच्या जागी मी असते तर आधी तण ओळखलं असतं. चौकोनी देठ आणि जांभळी फुलं असतील तर ते हेनबिट, छोटी पांढरी फुलं आणि जमिनीवर पसरलेली गादी असेल तर चिकवीड, ही रुंद पानांची तणं आहेत. त्यांच्यासाठी २,४-डी, मेकोप्रॉप आणि डायकँबा या तिघांचं मिश्रण मिळतं ज्याला इथे थ्री-वे म्हणतात, ते गवत सोडून रुंद पानंच धरतं त्यामुळे धोका खूप कमी. ग्लायफोसेटची गरज पडते ती मुख्यतः पोआ ॲन्युआ असेल तर. पिवळ्या लॉनवर फिकट हिरवे झुबके, पानाचं टोक होडीच्या पुढच्या टोकासारखं, ते पोआ. ते स्वतःच गवत असल्यामुळे थ्री-वेला अजिबात दाद देत नाही. तोपर्यंत एचओएचं समाधान करायचं असेल तर मोअरला पिशवी लावून एकदा कापून टाका, त्यांना रंग दिसतो, तण दिसत नाही.

प्रश्न: आमच्या शेजाऱ्याचं लॉन डिसेंबरपासून तपकिरी आहे आणि आमचं मात्र मस्त हिरवं. त्याने काहीतरी फवारलं आणि त्याचं तण गेलं, उरलेलं औषध तो आम्हाला द्यायला तयार आहे. आमच्यात पण थोडं तण आहे. घेऊ का? (केरी, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर: नको! धन्यवाद म्हणा आणि गॅरेजचं दार लावून घ्या. तुमचं गवत हिवाळ्यात हिरवं आहे म्हणजे ते बहुतेक टॉल फेस्क्यू आहे, थंडीतलं गवत, ते आत्ता जागं आहे आणि वाढतंय. शेजाऱ्याकडे बर्म्युडा किंवा झॉयझिया असणार, ही हिवाळ्यात झोपणारी गवतं. त्याने ग्लायफोसेट मारलं असेल किंवा ॲट्राझिन, सिमाझिनसारखं दुसरं तणनाशक, यातलं काहीही तुमच्या फेस्क्यूवर पडलं तर फेब्रुवारीत तुमच्याकडे फक्त माती उरेल. तुमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात अर्धा रस्ता फेस्क्यूचा आणि अर्धा बर्म्युडाचा असतो त्यामुळे ही देवाणघेवाण फार घातक आहे. रुंद पानांच्या तणाला उबदार दुपार बघून फेस्क्यूवर चालणारं थ्री-वे मारा, बस.

न्यू जर्सीहून एडिसनच्या वाचकांनीही असंच विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर. तिकडचं गवत केंटकी ब्लूग्रास, राय, फेस्क्यू असलं असतं, थंडीत ते निस्तेज झालं तरी बर्म्युडासारखं पूर्ण वाळत नाही, हा सगळा कॉलम तुमच्यासाठी नाही.

(झॉयझियावाल्यांनी पण सांभाळा. ते वरून बर्म्युडाइतकंच वाळलेलं दिसतं पण आतून बऱ्याचदा हिरवं राहतं, मी झॉयझियावर ग्लायफोसेट कुणालाच सांगत नाही.)

प्रश्न: ताई, शुगर लँडला, ह्यूस्टनजवळ, सेंट ऑगस्टीन गवताचं लॉन आहे. फेब्रुवारीत दुकानात वीड अँड फीडच्या पिशव्यांचा डोंगर असतो, एकाच फेरीत तण पण जातं आणि खत पण मिळतं असं लिहिलेलं असतं. मारू का? बाजूला लाइव्ह ओकचं झाड आहे आणि कुंपणाला लागून कढीपत्ता आणि मेथीचा वाफा.

उत्तर: कढीपत्त्याने शेवटी या कॉलममध्ये शिरकाव केलाच.

सेंट ऑगस्टीनसाठी त्या पिशवीत बहुतेक ॲट्राझिन असतं. ॲट्राझिन सेंट ऑगस्टीन आणि सेंटिपीड या दोन्ही गवतांना मानवतं, हिरवं असतानाही, आणि तुमच्याकडे ह्यूस्टनला हे गवत पूर्ण झोपतही नाही, म्हणजे ग्लायफोसेटचा विषयच संपला. हेनबिट, चिकवीड, क्लोव्हर, कोवळं पोआ, या सगळ्यांवर ॲट्राझिन चालतं. माझी तक्रार औषधाबद्दल नाही, जोडीबद्दल आहे. तण मारायची योग्य वेळ म्हणजे ते लहान असताना, नोव्हेंबर ते फार तर फेब्रुवारी. खत द्यायची योग्य वेळ म्हणजे लॉन पूर्ण हिरवं होऊन एकदोनदा कापून झाल्यावर, तुमच्याकडे साधारण एप्रिल. या दोन वेळा एकत्र येतच नाहीत. फेब्रुवारीत खत टाकलं तर ते खातं कोण, जे जागं आहे ते, म्हणजे तणच. एकाला मारायला निघालात आणि त्यालाच जेवायला वाढलंत. औषध वेगळं घ्या, खत वेगळं घ्या, पिशवीपेक्षा स्वस्तही पडेल.

आणि ओक. ॲट्राझिन मुळांतून वर चढतं आणि पाण्याबरोबर जमिनीत खालीही जातं, युरोपियन युनियनने ते भूजलात सापडतं म्हणूनच बंद केलं. झाडाच्या फांद्या जिथपर्यंत पसरल्यात तिथपर्यंत खाली मुळं आहेत असं धरून ती जागा सोडा, तिथलं तण हाताने काढा. डायकँबा असलेल्या मिश्रणांनाही हाच नियम. मेथीच्या वाफ्यापासून चांगलं अंतर ठेवा, पाणी ज्या बाजूला वाहतं ती बाजू बघा, आणि औषध मारलेल्या लॉनचं कापलेलं गवत वाफ्यात आच्छादन म्हणून किंवा कंपोस्टमध्ये घालू नका. मुसळधार पाऊस सांगितला असेल तर थांबा, ह्यूस्टनमध्ये हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न: सव्हानाला (जॉर्जिया) नवीन घर घेतलंय. मागच्या एप्रिलमध्ये मुलं अनवाणी बाहेर गेली आणि रडत आत आली, तळपायात बारीक बारीक काटे. लॉनमध्ये काट्याचं झाड मात्र कुठेच दिसत नाही. एप्रिलमध्ये औषध मारलं, तण मेलं, काटे तसेच. काय प्रकार आहे?

उत्तर: याचं नाव लॉन बरवीड, लोक स्टिकरवीड म्हणतात. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उगवतं, अख्खा हिवाळा जमिनीला चिकटून कोथिंबिरीसारखी बारीक चिरलेली पानं घेऊन बसलेलं असतं, कोणाला त्रास नाही, कोणाचं लक्ष नाही. मग मार्च-एप्रिलला ऊब आली की एकदम पसरतं आणि पानांच्या बेचक्यात काटेरी बिया धरतात. एप्रिलमध्ये फवारणं म्हणजे वरातीमागून घोडं, झाड मरतं पण काटा मेल्यावरही काटाच राहतो, आणि मेच्या उन्हात ते झाड आपोआप मरणारच होतं.

म्हणजे तुमची वेळ आत्ता आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी, झाड लहान आणि काटे अजून नाहीत. थ्री-वे चालतं, तीन आठवड्यांनी परत एक हात मारावा लागू शकतो. लॉन सेंटिपीड असेल, तुमच्या भागात खूप असतं, तर २,४-डी त्याला सोसत नाही फारसं, लेबलवर सेंटिपीडसाठी कमी डोस दिलेला असतो तोच घ्या, किंवा ॲट्राझिन घ्या. फवारल्यावर औषध पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि कुत्रा आत, दाणेदार औषध असेल तर पाणी देऊन ते मुरून लॉन कोरडं होईपर्यंत. आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या आधीच उगवणीपूर्व औषध टाकायचं, त्याबद्दल खाली येतंच आहे. आणखी एक, बरवीडला विरळ, तुडवलेली, घट्ट झालेली जमीन आवडते. जिथे मुलं खेळतात तिथेच ते का येतं याचं उत्तर त्यात आहे.

प्रश्न: थोडा वेगळा प्रश्न. बर्म्युडा म्हणजे आपली दुर्वाच ना? आम्ही गणपतीला मागच्या अंगणातल्याच दुर्वा वाहतो, फ्रिस्को, टेक्सास. लॉनवर औषध मारलं तर त्या चालतील का?

उत्तर: मला आवडलेला प्रश्न. हो, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, आपली हरळी, जिला विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी नांगर घालघालून शिव्या देतो तीच इथे पैसे देऊन गुंडाळ्यांत विकत आणतात. लॉनचं बर्म्युडा बऱ्याचदा संकरित असतं, टिफवे ४१९ ही प्रसिद्ध जात जॉर्जियातल्या टिफ्टनला तयार झाली, तिच्यात आफ्रिकेतल्या दुसऱ्या सायनोडॉनचंही रक्त आहे. देवाला ते चालतं की नाही हे मी सांगणार नाही, तो तुमचा आणि बाप्पाचा प्रश्न.

पण तारखांचा खरा पेच आहे. हिवाळी तणाचं सगळ्यात चांगलं औषध हिवाळ्यात मारायचं नसतंच, ते उगवायच्या आधी मारायचं. पोआ, हेनबिट, चिकवीड यांचं बी जमिनीचं तापमान ७० फॅरनहाइटच्या खाली घसरायला लागलं की उगवतं, त्याआधी प्रोडायमिन, डायथायोपिर किंवा पेंडिमेथॅलिनसारखं प्री-इमर्जंट, म्हणजे उगवणीपूर्व औषध टाकून अर्धा इंच पाणी द्यायचं म्हणजे वरच्या थरात औषधाचा पडदा तयार होतो. ही वेळ जॉर्जियात सप्टेंबर, तुमच्याकडे डॅलसच्या बाजूला सप्टेंबरचा मध्य-शेवट. म्हणजे बरोबर गणपतीच्या आगेमागे! तर गणपती जाईपर्यंत थांबा, मग टाका, बहुतेक वर्षी तेवढा वेळ असतो. किंवा कुंडीत वेगळी दुर्वा लावा आणि तिला काही मारू नका. फवारलेल्या लॉनच्या दुर्वा पूजेत नकोत, त्या हाताळल्या जातात, तीर्थाच्या पळीला लागतात, लहान मुलं तोंडात घालतात.

तुमच्याच पत्रात शेवटी दिवाळीसाठी राय ग्रास पेरून लॉन हिरवं ठेवायचं असं लिहिलंय. ऑगस्टाच्या गोल्फ कोर्सवर मास्टर्स स्पर्धेसाठी हेच करतात, बर्म्युडावर पेरेनियल राय पेरतात. पण प्री-इमर्जंट आणि राय एकत्र होत नाही, औषधाला तणाचं बी कुठलं आणि तुम्ही पेरलेलं कुठलं ते कळत नाही. आणि राय उगवल्यावर जानेवारीतलं ग्लायफोसेटही बाद. दोन्हीपैकी एक ठरवा.

प्रश्न: लॉनमध्ये कांद्याच्या पातीसारखं काहीतरी झुबक्यांनी उगवतं, कापलं की लसणाचा घमघमाट. सासूबाई म्हणतात चटणी करू. (बर्मिंगहॅम, अलाबामा)

उत्तर: सासूबाईंना जरा थांबवा. पान गोल आणि आतून पोकळ असेल तर रानलसूण, चपटं आणि भरीव असेल तर रानकांदा. दोन्ही खातात लोक, पण त्यांच्यातच दिसायला तसंच पण वास नसलेलं स्टार ऑफ बेथलेहेमही उगवतं आणि ते विषारी आहे. शिवाय लॉनवर आधी कोणी काय मारलंय ते तुम्हाला माहीत आहे का? चटणी दुकानातल्या लसणाची करा.

घालवायला चिवट आहे. जमिनीखाली कांदे असतात, उपटलं की पात हातात येते आणि कांदा खाली हसत बसतो. चार-पाच झुबके असतील तर ओल्या जमिनीत खुरप्याने कांद्यासकट काढा. जास्त असेल तर मेटसल्फ्युरॉन किंवा इमॅझाक्विन, दोन्ही बर्म्युडा, झॉयझिया, सेंटिपीड, सेंट ऑगस्टीनवर चालतात. पान मेणचट असल्यामुळे थेंब घरंगळतो, लेबल सांगत असेल तर चिकटद्रव घाला, आणि फवारण्याआधी कापू नका, पान जेवढं मोठं तेवढं औषध आत. एकदा नोव्हेंबरमध्ये, एकदा हिवाळा संपताना, आणि पुढच्या वर्षी परत. मेटसल्फ्युरॉन झुडपांच्या मुळांपाशी नको.

प्रश्न: मी शार्लटला छोटा लॉन केअरचा बिझनेस करतो. काही क्लायंट्सकडे वर्षानुवर्षं सिमाझिन मारतोय, आधी पोआ साफ व्हायचा, आता ढिम्म हलत नाही. डोस वाढवू?

उत्तर: नाही दादा, डोस वाढवून काही होणार नाही, ते पोआ आता सिमाझिनला प्रतिकारक झालेलं असण्याची शक्यता खूप आहे. पोआ ॲन्युआ हे तण साधं दिसतं पण दोन वेगळ्या पोआंच्या संकरातून बनलेलं आहे, दोघांचेही जनुक घेऊन आलंय, कितीही बुटकं कापलं तरी बी धरतं आणि एकाच लॉनमध्ये बारा तऱ्हेचं सापडतं. अमेरिकेत सिमाझिन, ॲट्राझिन, प्रोडायमिन, मेटसल्फ्युरॉनच्या कुटुंबातली औषधं, या सगळ्यांना न जुमानणारं पोआ सापडलंय, ग्लायफोसेटलासुद्धा, मिसुरी आणि टेनेसीच्या गोल्फ कोर्सवर, जिथे दर हिवाळ्यात तेच एक औषध मारलं जायचं. हा प्रश्न एवढा वाढला की २०१८ मध्ये कितीतरी युनिव्हर्सिटींनी मिळून सरकारी पैशातून रेझिस्टपोआ नावाचा प्रकल्पच काढला.

तुम्ही करायचं ते हे. प्रत्येक लेबलवर ग्रुप नंबर असतो, औषध तणाला कशा पद्धतीने मारतं ते तो सांगतो. सिमाझिन आणि ॲट्राझिन ५, प्रोडायमिन, डायथायोपिर आणि पेंडिमेथॅलिन ३, मेटसल्फ्युरॉन २, ग्लायफोसेट ९, ग्लुफोसिनेट १०, फ्लुमिऑक्साझिन १४, इंडाझिफ्लॅम २९. ब्रँड बदलला आणि नंबर तोच राहिला तर तुम्ही काहीच बदललेलं नाही, प्रोडायमिनवरून डायथायोपिरवर जाणाऱ्यांना हे कळतच नाही. नंबर बदला, शक्यतो दोन वेगळे नंबर एकत्र वापरा, सप्टेंबरमध्ये इंडाझिफ्लॅम आणि झोपलेल्या बर्म्युडावर फ्लुमिऑक्साझिन असा क्रम तुमच्यासारख्या लायसन्सवाल्याला जमण्यासारखा आहे, प्रत्येकाची गवताची यादी लेबलवर तपासून. आणि जे झुबके वाचले ते बी धरायच्या आत हाताने काढा, कारण वाचलेल्यांचंच बी पुढे जातं. क्लायंटच्या लॉनला शरदात उशिरा नायट्रोजन देणं थांबवा, लॉन झोपायला निघालेलं असताना तेही तणच खातं, आणि रोजचं पाणीही बंद, पोआला ओल फार आवडते.

प्रश्न: पुण्यात बाणेरला आमच्या सोसायटीचं लॉन आहे, थंडीत पिवळसर होतं आणि मोथा, आंबुशी, दुधी ही तणं वाढतात. अमेरिकेतला मुलगा म्हणाला तिकडे गवत झोपलेलं असताना ग्लायफोसेट मारतात. माळी तयार आहे. मारू दे का?

उत्तर: काका, अजिबात नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी दुपारी ऊन तापतं आणि तुमचं गवत मंदावतं, रंग उतरतो, पण झोपत नाही. हिरवे देठ असतातच. औषध मारलं तर तण आणि लॉन दोन्ही जातील. मुलाचं त्याच्या गावापुरतं बरोबर आहे. शिवाय केंद्र सरकारने २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचा आदेश काढला होता, माळ्याच्या हातात ते द्यायचं काम नाही. मोथ्याच्या गाठी खुरप्याने खोलवर काढाव्या लागतात, आंबुशीही बी फुटायच्या आत. दोन बायका चार दिवस खुरपायला लावा, खर्च लॉन परत लावण्यापेक्षा कमीच येईल.

प्रश्न: मला फवारायचंच नाहीये. कुत्रा आहे, मधमाश्या येतात. एवढं करायलाच हवं का?

उत्तर: नाही. यातली बहुतेक तणं मेच्या उन्हात आपोआप मरतात, आणि हेनबिटची फुलं फेब्रुवारीत मधमाश्यांना मिळणाऱ्या पहिल्या फुलांपैकी असतात. बी धरायच्या आत कापत राहा, उन्हाळ्यात लॉन दाट ठेवा. हेअरी बिटरक्रेस नावाचं एक आहे, त्याच्या शेंगा हात लागला की फुटून बी उडवतात, ते मात्र फुलात असतानाच उपटा. आणि फवारणारे वाचक हे वाचत असतील तर फुलं आलेली असतील तिथे आधी मोअर फिरवा, मग फवारा. रानलसणाचं तेवढं वेगळं.

प्रश्न: तणनाशकाचा पंप धुऊन टोमॅटोला कडुनिंबाचं तेल मारायला वापरला तर चालेल का?

उत्तर: २,४-डी किंवा डायकँबा होतं का त्यात? असेल तर टोमॅटोला त्याचा अंशही पुरतो, पानं वेडीवाकडी वळतात. अमोनियाच्या पाण्याने तीनदा धुतात लोक, नळी आणि नोझलसकट, पण अमोनिया ब्लीचबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. त्यापेक्षा दुसरा छोटा पंप आणा आणि पहिल्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "तणनाशक" लिहून ठेवा, मराठीत आणि इंग्लिशमध्येही, घरात मुलं कुठली भाषा वाचतील सांगता येत नाही.